दुधाळ बाटली

३ मार्च

प्रिय भिंगरी,

कागदावरचं पत्र पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण दुसरा इलाज तू ठेवलेला नाहीस. फोन उचलत नाहीस, ईमेल न उघडता पुसून टाकतेस. कागद फेकायचा म्हटला तरी आधी हातात धरावा लागतो, आणि हातात आलेलं वाचल्याशिवाय तू सोडत नाहीस. लहानपणी औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा तू शेवटपर्यंत वाचायचीस. त्याच भरवशावर लिहिते आहे.

भांडणाची उजळणी करणार नाही. गेल्या वर्षी परिषदेत जे झालं ते भरलेल्या सभागृहाने ऐकलं, तेवढं पुरे. दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

पहिली म्हणजे आई माझ्याकडे राहायला आली आहे. तब्येत ठीक आहे, साखर सोडून. आता बाबांसारखं तिलाही इन्सुलिन लागतं, हे तिने तुला सांगितलं असेलच. ती ते स्वतः टोचून घेते आणि त्या वेळी मला खोलीत फिरकू देत नाही. माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे तिने हलवलेत, त्यामुळे मला माझ्याच घरात मीठ शोधत फिरावं लागतं.

दुसरी गोष्ट तुलाही कळली असणार. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या मोजण्यांची तुलना होणार आहे, तिच्या यादीत तुझी आणि माझी, दोन्ही प्रयोगशाळा आहेत. एकाच पिंपातला द्रव बाटल्यांत भरून सगळ्यांना पाठवणार, आणि त्यात घातलेल्या नॅनोकणांमुळे पाण्यातून उष्णता किती जास्त वाहते ते प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर मोजायचं. निकाल पाठवण्याआधी कुणी कुणाला आकडा सांगायचा नाही. हा नियम मी पाळणार आहे. तूही पाळ, म्हणजे सध्या बसली आहेस तशीच गप्प बस.

माझा आकडा तुला पाठ आहे. साध्या पाण्यापेक्षा पावपट जास्त. तुझा आहे विसातला एक भाग. द्रव एकच, कण तेच, त्यामुळे दोन्ही खरे असू शकत नाहीत. माझा खरा ठरला तर आमचे संचालक मोठ्या शीतकरण यंत्रणेवर त्याची चाचणी घेणार आहेत. खोटा ठरला तर माझा विभाग दुसऱ्या कुठल्या तरी विभागाच्या पोटात जाईल आणि मी उरलेली नोकरी समित्यांवर काढीन. हे तुला घाबरवायला लिहिलेलं नाही. माझं काय पणाला लागलंय ते तुला ठाऊक असावं, एवढंच.

तुझी,
ताई


१२ मार्च

प्रिय भिंगरी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ठेवून घेतलंस. आनंद आहे.

काल रात्री जेवताना आईने विचारलं, "तुम्ही दोघी नक्की कशावरून भांडता, ते मला एकदा सोपं करून सांग." मी सांगितलं. पाणी उष्णता वाहून नेतं, पण सावकाश. घन पदार्थ पाण्यापेक्षा कितीतरी भराभर नेतो. मग घन पदार्थाचे अगदी बारीक कण पाण्यात मिसळायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. खडे घातले तर ते तळाशी बसतात, नळ्या तुंबवतात. हे कण तरंगत राहतात आणि वाटेत उष्णतेला जरा मदत करतात. मदत किती करतात, यावर भांडण.

आईने ताटातला शेवटचा घास संपवला आणि म्हणाली, "म्हणजे पाण्यात माती कालवायची आणि त्यावरून सख्ख्या बहिणींनी बोलणं टाकायचं. शिकवलं ते सार्थकी लागलं."

मी तिला माझी कल्पनाही सांगितली. तुला ती ऐकली की हसू येतं, तरी लिहिते. मी म्हणते, हे कण पाण्यात सतत थरथरत असतात, नाचत असतात, आणि नाचता नाचता गरम जागेची उष्णता उचलून थंड जागी नेतात. म्हणून पावपट. तू म्हणतेस, नाच आहे पण त्याचा उपयोग नाही; पाण्याचा थोडा भाग काढून त्या जागी घन पदार्थ आला, त्याचा जेवढा फायदा व्हायचा तेवढाच होतो. तुझं म्हणणं हिशेबाला धरून आहे आणि अतिशय रुक्ष आहे. मला माझा नाच आवडतो.

बाटली परवा आली. पांढऱ्या प्लास्टिकची, आतलं काही दिसत नाही. फरक एवढाच की या वेळी मोठी आहे. नेहमी लहान बाटल्या येतात, एका मोजणीत संपतात. या वेळी तीनदा मोजा म्हणतात, आणि ही तिन्ही मोजण्यांना पुरेल एवढी आहे.

आज पहिली मोजणी केली. यंत्र मिस्तरीने लावून दिलं. (आमचा उपकरणं सांभाळणारा. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही, तोही घेत नाही.) केसाहून बारीक प्लॅटिनमची तार द्रवात उभी करायची, तिच्यातून वीज सोडायची आणि ती किती भराभर तापते ते बघायचं. द्रवाने उष्णता चटकन ओढून नेली तर तार सावकाश तापते. तारेवर एक बुडबुडा बसला तरी सगळं मुसळ केरात, म्हणून द्रव भरायचं काम मी कुणाला देत नाही. बाटली धक्का न लावता ठेवायची, लांब सुई तळापर्यंत घालायची, हळू ओढायचं. बाबांचं इन्सुलिन भरायला आईने मला शिकवलं तेव्हापासून हात तसाच चालतो. "हलवायची नाही, फेस धरतो. सुईचं टोक औषधात खोल. घाई करायची नाही. एकही बुडबुडा नको." तेव्हा मी शाळेत होते आणि तू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघायचीस.

आकडा सांगायला बंदी आहे. मी घरी येताना शिट्टी वाजवत आले, एवढंच सांगते. शेजारणीने दार उघडून पाहिलं.

तुझी,
ताई


१५ मार्च

प्रिय भिंगरी,

आज शिट्टी नाही.

काल दुसरी मोजणी केली, आज तिसरी. बाटली तीच, यंत्र तेच, हात तेच. तिन्ही आकडे एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. कुठला वर, कुठला खाली, ते विचारू नकोस. तुझ्या चेहऱ्यावर आता काय आलं असेल ते मला इथे बसून दिसतंय.

मी सगळं खापर आधी तारेवर फोडलं. मिस्तरीने तार बदलली, नुसतं पाणी भरून मोजलं, पाण्याचा आकडा पुस्तकात असतो तसा चोख आला. मग मी खोलीच्या तापमानावर आले. तेही ठीक होतं. शेवटी मी मिस्तरीकडेच संशयाने पाहायला लागले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मला बघून काही गरम होत नाही. घरी जा."

घरी आले. आईने विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, दगदग. तिने पुढे विचारलं नाही. तुझ्याशी बोलता आलं असतं तर आज फोन केला असता, कारण या तारेची नाटकं तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाला कळत नाहीत. मला तुझी आठवण आली, भिंगरी. हे नियमात बसतं का ते मी पाहिलेलं नाही.

तुझी,
ताई


२० मार्च

प्रिय भिंगरी,

संचालकांना तीन आकडे दाखवावे लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे होते तसेच होते.

"मोठी बाटली वाटेत खराब झाली असेल," ते म्हणाले.

"असेल."

"तुमची इतकी वर्षांची कामं लहान बाटल्यांवर आहेत ना? मग आयोजकांकडून तीन लहान मागवा. प्रत्येकीतून एकदा मोजा. तीन मोजण्या झाल्या. नियमाच्या कुठे आड येतं?"

कुठेच येत नाही. नियम मी पुन्हा वाचला. 'बाटलीतून नमुना घ्यावा' एवढंच म्हटलंय. लहान बाटल्या मागवल्या तर मला कोणता आकडा मिळेल ते मला आत्ताच ठाऊक आहे. तीनदा तोच मिळेल. मोठ्या बाटलीचं काय झालं ते मला समजलेलं नाही, आणि ते समजण्याआधी ती बाजूला सारायची, हे गळ्याखाली उतरत नाही. तरी मी त्यांना हो म्हटलं. बाहेर आमच्या विभागातली तिघं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. त्यांतल्या एकीचं नुकतंच लग्न ठरलंय, तिने विचारलं, "चाचणी होणार ना मॅडम?" मी म्हटलं, होणार.

जेवण जात नाही. आईला सांगितलंय की दुपारी कॅन्टीनमध्ये जास्त झालं.

सभागृहातली गोष्ट काढणार नाही म्हटलं होतं, पण ती मनातून जात नाही. मी व्यासपीठावर, तू मागच्या रांगेतून उठलीस. वाटलं, आकडेमोडीतलं काहीतरी काढशील, त्याची मी तयारी करून आले होते. तू विचारलंस, "बाटली घोळवली होती का?" अगदी घरच्यासारखं. माणसं हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी माईकवरून म्हणाले, "बाटली कशी धरायची ते मी तुझ्याआधी शिकले आहे." तेव्हा आणखी मोठ्याने हसली. तू बसलीस. नंतर बाहेर मी तुला गाठलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "तू तिथे नव्हतीस, ताई." आणि निघून गेलीस.

मी त्याचा अर्थ एकच लावला. बाबांच्या शेवटच्या वर्षांत मी इथे नव्हते, शिकायला दूर होते, ते तू परिषदेच्या दारात माझ्या पदरात घातलंस. परगावी जा असं बाबांनीच मला सांगितलं होतं. तुझं ते वाक्य मला फार लागलं. अजून लागतं.

तुझी,
ताई


२३ मार्च

प्रिय भिंगरी,

हे पत्र आज पेटीत टाकणार नाही. निकाल गेल्यावर पाठवीन, कारण यात जे आहे ते आधी तुला कळलं तर नियम मोडेल. पण आत्ता लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

आज आईच्या बोटाला कापलं. फार नाही, सुरीची धार लागली. पट्टी बांधली, पण संध्याकाळी सिरिंज धरता येईना. मी म्हटलं, "आण इकडे. तूच शिकवलंयस ना? माझा हात अजून तसाच आहे." बराच वेळ कुरकुरली आणि मग तिने फ्रिजमधून बाटली काढून दिली.

मी झाकण पुसलं, सिरिंज उघडली, सुई लावायला गेले. तिने माझ्या मनगटावर चापट मारली.

"अगं, घोळव आधी!"

"काय?"

"बाटली. तळहातांत घोळव. तशीच काय ओढतेस? नुसतं पाणी जाईल पोटात."

मी म्हटलं, "हलवायची नाही ना? फेस धरतो."

"हलवायची नाहीच. घोळवायची." तिने पट्टी बांधलेल्या हाताने माझ्याकडून बाटली घेतली, दोन्ही तळहातांत आडवी धरली आणि सावकाश पुढे-मागे फिरवायला लागली. "औषध खाली बसलेलं असतं. वर पाणी असतं. घोळवलं की सगळं एकसारखं दुधाळ होतं, आणि फेसही होत नाही."

मी म्हटलं, "बाबांच्या वेळी तू असं काही शिकवलं नव्हतंस."

"तुला नाही शिकवलं. तेव्हाची बाटली पाण्यासारखी असायची, तिच्यात खाली बसायला काही नव्हतंच. तू गेल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं. ही दुधाळ आली. ती धाकटीने भरली, शेवटपर्यंत." मग तिने बाटली माझ्या हातात दिली. "तुला कुठून माहीत असणार? तू तिथे नव्हतीस."

आईच्या तोंडून तेच वाक्य. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी निवडताना बोलावं तसं बोलली. आणि मला एकदम कळलं, भिंगरी, की तुझ्याही आवाजात तेव्हा राग नव्हता. मी तो ऐकला, कारण मला तोच ऐकायचा होता.

मी औषध भरलं, आईला टोचलं. "तुझ्या हाताला लागत नाही," म्हणाली. मग स्वयंपाकघरात जाऊन दिवा न लावता ओट्याला टेकून उभी राहिले. दुधाळ. आमचा द्रवही दुधासारखाच पांढरा असतो. कण तळाशी बसू नयेत म्हणून आपण त्यात साबणाच्या जातीचं द्रव्य घालतो, आणि ते घातलं की कण तरंगत राहतात, हे मी वर्गात इतक्या वेळा शिकवलंय की मला ते तपासावंसंच वाटलं नाही. बाटलीतलं काही बाहेरून दिसत नाही. आणि माझी सुई तळाशी जाते. कायमच.

उद्या सकाळी लवकर जाणार आहे.

ताई


२५ मार्च

प्रिय भिंगरी,

हेही आत्ता पाठवणार नाही.

प्रत्येक मोजणीचा उरलेला द्रव मी झाकून ठेवला होता. काल तिन्हींतला सारखा सारखा द्रव काचेच्या बशांत घेतला, पाणी वाळवलं आणि मागे राहिलेली पांढरी भुकटी तोलली. पहिल्या बशीत होती तिसरीच्या कितीतरी पट. पहिल्यांदा मी तळाचा साका ओढला होता. दुसऱ्यांदा उरलासुरला. तिसऱ्यांदा बरंचसं नुसतं पाणी. लहान बाटल्यांत दुसरी वेळ यायचीच नाही. एकदाच सुई घालायची, तळाचं दाट तेवढं घ्यायचं, बाटली संपली. इतकी वर्षं मी दाट द्रव मोजत आले आणि त्यावर पातळ द्रवाचं नाव लिहीत आले.

मग उरलेली बाटली घोळवली. थोडा वेळ अल्ट्रासॉनिक ध्वनिलहरींच्या टबात ठेवली, म्हणजे चिकटलेले कण सुटे होतात. बुडबुडे जाऊ दिले. तीनदा मोजलं, आणि या वेळी तिन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे निघाले. पण त्यातला साका मी आधीच काढून घेतलेला होता, म्हणून आयोजकांना खरं कारण कळवून दुसरी मोठी बाटली मागवली. ती आज आली. न उघडता घोळवली, मग मोजली. माझ्या कणांचा नाच बसला खाली. घन पदार्थाचा फायदा व्हायचा तेवढाच होतो. थोडा होतो, पण होतो.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप वाईट वाटलं. तो नाच मी वर्गात हात हलवून दाखवायचे, मुलांच्या डोळ्यांत चमक यायची. दुपारभर काही केलं नाही. मिस्तरी चहा ठेवून गेला. वाफ जायच्या आतच परत येऊन म्हणाला, "यात कण घालू का, लवकर निवेल." मी हसले. बरं वाटलं.

तीन लहान बाटल्याही आज आल्या आहेत. कपाटात आहेत, सीलबंद.

संचालकांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोजणी चूक नव्हती. दाट द्रवाचा आकडा पावपट आहेच ना? मग तेवढाच पाठवा. नमुना कसा घ्यायचा ते त्यांनीच लिहिलेलं नाही. चूक त्यांची."

त्यांचं ऐकलं असतं तर कुणी मला धरलं नसतं. हे मी तुला मुद्दाम सांगते आहे, कारण तुला मी धुतल्या तांदळासारखी वाटायला नको. मी एक मिनिटभर त्याचा खरोखर विचार केला. मग डोळ्यांपुढे आईचे हात आले, पट्टी बांधलेले, बाटली फिरवणारे. वरचं पाणी टोचलं तर साखर उतरत नाही, आणि तळाचं टोचलं तर माणूस बेशुद्ध पडतो. तुम्ही बाटलीवर काय लिहिलंय त्याने शरीराला फरक पडत नाही. मी एवढंच म्हटलं, "सर, कारखान्यातली यंत्रणा सुई घालून तळाचं घेणार नाही. तिच्यातून सगळाच द्रव फिरणार आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "चाचणी गेली तर मग."

मी म्हटलं, "हो."

ताई


२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

काल निकाल पाठवले. आता बोलायला मोकळी आहे, म्हणून ठेवलेली दोन्ही पत्रंही याच पाकिटात घालते आहे. आधी ती वाच.

मी दोन्ही आकडे पाठवले. न घोळवता पहिल्यांदा मोजला तो, पावपट, आणि घोळवून मोजला तो, विसातला एक भाग. शेजारी बशांतल्या भुकटीची वजनं दिली. खाली लिहिलं की माझे आधीचे सगळे आकडे याच चुकीचे आहेत, ते कुणी वापरू नयेत, आणि यापुढे नियमात 'बाटली आधी घोळवावी' असं घालावं. ही शंका सगळ्यांत आधी कुणी काढली, तेही लिहिलं. तुझं नाव. परिषदेत विचारलेला प्रश्न. मी दिलेलं उत्तर लिहिलं नाही, ते ज्यांना आठवायचं त्यांना आठवतंच.

विभागाचं काय होणार ते पुढच्या महिन्यात ठरेल. तिघांनाही बसवून सांगितलं. लग्न ठरलेली रडली, मग नाक पुसून तिने विचारलं की आता दाट आणि पातळ द्रवांची सगळी मोजणी नव्याने करायची का. मी म्हटलं, करायची. ती म्हणाली, मग काम तर आहेच. समित्यांवर बसवलं तरी मी दुपारी पळून येऊन तिच्याबरोबर मोजत बसणार आहे.

आईला मी सगळं सांगितलं. तुझं-माझं भांडण एका घोळवण्यावरून होतं, हे तिला कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "विचारायचं होतंस ना मला. मी काय कुठे पळून गेले होते?" मग तुझ्यावरही चिडली, की तू सभेत उभं राहून सांगण्याऐवजी घरी का सांगितलं नाहीस. दोघींनाही सारखं वाटून दिलं तिने. अजून चालू आहे.

मला एकच विचारायचंय. तू ते सभागृहात का विचारलंस? मला चिमटा काढायला नव्हतं, हे मला आता माहीत आहे. मग कशाला? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण दिलंस तर मला फार बरं वाटेल.

आईची बाटली आता रोज संध्याकाळी मी घोळवते. ती समोर बसून बघते आणि म्हणते, धाकटीसारखी नाही जमत तुला.

तुझी,
ताई


९ एप्रिल

ताई,

सगळी पत्रं वाचली. शेवटचं पाकीट दोनदा.

आकड्यांबद्दल समोरासमोर बोलू. तुझ्या बशा बघायच्या आहेत मला. दाट द्रवाचा आकडा असा मुद्दाम कुणीच मोजला नव्हता, तो फेकायचा नाही.

तू विचारलंस ते सांगते. दुधाळ बाटली आली तेव्हा घोळवायचं बाबांनीच मला शिकवलं, आईने नाही. आईला डॉक्टरांनी सांगितलं आणि बाबांनी ते माझ्याकडून करून घेऊन माझ्या हातात बसवलं. रोज संध्याकाळी मी घोळवायचे आणि ते बघत बसायचे. एकदा म्हणाले, "ताईला फक्त पहिली बाटली येते. ती आली की तिला ही दाखव. विसरू नको." मी म्हटलं, दाखवीन. त्यानंतर पुष्कळ वेळा आठवण केली त्यांनी.

तू आलीस तेव्हा घरात भरायला बाटली राहिली नव्हती. मी काय दाखवणार होते? मग ते राहूनच गेलं. त्या दिवशी तू व्यासपीठावरून सांगत होतीस, बाटली हलवायची नाही, सुई तळाशी, हळू ओढायचं. सगळं पहिल्या बाटलीचं. माझ्या मनात टोमणा नव्हता, ताई. मला बाबांचं काम आठवलं आणि मी उठून उभी राहिले. जागा चुकली, हे कबूल.

शनिवारी येते आहे. संध्याकाळची बाटली तशीच ठेव, घोळवू नकोस. तुला दाखवायची आहे.

भिंगरी